ट्रॅक ०१: गाण्यांचा साठा नव्या लॅपटॉपवर नेताना

२०१६ सालच्या एका जत्रेत रात्री दीडच्या सुमाराला, तिसऱ्या अंकात म्हातारा बाप प्राण सोडतो त्या प्रवेशाला मी फुगडी वाजवली.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. साऊंड भाड्याने देतो आणि जत्रेतल्या हौशी मराठी नाटकांना पार्श्वसंगीत करतो. त्या आठवड्यातच डेस्कटॉपवरचा सगळा साठा लॅपटॉपवर आणला होता. आणला म्हणजे काय, फोल्डर इकडून उचलले आणि तिकडे ओतले. करुण बासरीच्या फाईलचं नाव होतं 'ट्रॅक ०१'. फुगड्यांच्या सीडीवरून उतरवलेल्या पहिल्या फुगडीचं नावही 'ट्रॅक ०१'. जुन्या कॉम्प्युटरवर त्या दोन वेगळ्या फोल्डरांत राहायच्या आणि माझा हात सवयीने बरोबर ठिकाणी जायचा. नव्या प्लेयरने फोल्डर बघितलेच नाहीत, सगळ्या फाईली नावाप्रमाणे एकाखाली एक लावल्या. विंगेत अंधार. मी वरची लावली. खाटेवर बाप, त्याच्या छातीवर लेकीचं डोकं, आणि दणदणीत फुगडी! आधी बायकांच्या बाजूने कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा मांडव. मेलेल्या बापाचं पोट गदगदत होतं ते शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं असेल. पेटीवाल्याने भैरवीचे दोन सूर धरले म्हणून पडदा तरी पडला.

आजही त्या गावात गेलो की कोणीतरी विचारतोच, "आज फुगडी आहे का हो?"

गेल्या वर्षी पुन्हा साठा हलवायची पाळी आली. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार होते आणि माझ्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नव्हता. जूनमध्ये नवा घेतला. पावसाळ्यात जत्रा नसतात, मंडप नसतो, आमचा धंदा चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, आडवा पडलेला असतो. या वेळी ठरवलं की घाई करायची नाही. महिनाभर रोज रात्री तास-दीड तास बसलो. त्यात जे शिकलो ते सांगतो. तुमचा साठा नाटकाचा नसेल, नुसता ऐकण्याचा असेल, तरी काम हेच आहे. फरक एवढाच की तुमचं चुकलं तर मांडव हसणार नाही.

"आता गाणी साठवतो कोण?" असं माझा भाचा विचारतो. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर देवळाच्या मागे लॅपटॉप उघडून बस आणि तुझं स्ट्रीमिंग लावून दाखव, असं मी त्याला सांगतो. शिवाय आमच्या गावच्या भजनी मंडळाची चवथीतली घुमट आरती (घुमट म्हणजे आमचं मातीचं चर्मवाद्य) मी २००९ साली रेकॉर्ड केली, ती कुठल्या ॲपवर मिळणार?

आधी मोजा, आवरू नका

सगळ्यांना वाटतं की आधी जुन्या जागी आवराआवर करावी, मग स्वच्छ साठा हलवावा. हे उलटं आहे. एकुलत्या एक प्रतीवर कधीही केरसुणी फिरवू नका. रात्री अकरा वाजता, डोळ्यांवर झोप असताना, 'ही दोनदा आहे' म्हणून माणूस जी फाईल डिलीट करतो ती हमखास चांगली असते.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त मोजणी. गाण्यांच्या मुख्य फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे दिसणारे तीन आकडे कागदावर लिहा: किती फाईली, किती फोल्डर, किती बाईट. जीबी पुरेसे नाहीत, कंसातला लांबलचक बाईटचा आकडा लिहा. त्याखाली 'साईज ऑन डिस्क' म्हणून आणखी एक आकडा असतो, तो सोडून द्या. तो डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे बदलतो आणि मग उगाच जिवाला घोर. माझा आकडा होता २३,४१८ फाईली, १६४ जीबी. ही चिठ्ठी मी नव्या लॅपटॉपच्या खोक्याला आतून चिकटवली.

पण मोजायच्या आधी सगळं एका ठिकाणी आहे का ते बघा. माझं नव्हतं. डेस्कटॉपवर, डाऊनलोड्समध्ये, दोन पेनड्राईव्हवर, आणि भाच्याने कधीतरी 'मामा नवीन' नावाच्या फोल्डरात टाकलेलं. शोधायच्या चौकटीत फाईलच्या शेवटची अक्षरं टाकून, म्हणजे एमपी३, वॅव्ह, फ्लॅक, एम४ए, असं एकेक करून अख्खा कॉम्प्युटर धुंडाळा. आयट्यून्स वापरत असाल तर त्यात 'कन्सॉलिडेट फाईल्स' अशी सोय आहे. इकडेतिकडे पडलेल्या सगळ्या गाण्यांची प्रत ती आपल्या मुख्य फोल्डरात आणून ठेवते.

मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर जशीच्या तशी, घाणीसकट एक प्रत काढा. त्या फोल्डरला तारखेचं नाव द्या आणि डिस्क कपाटात ठेवा. पुढे जे काही बिघडेल त्याला हे उत्तर.

डिस्क कोणत्या फॉरमॅटची आहे तेही बघून घ्या. जुन्या डिस्क आणि पेनड्राईव्ह बहुधा फॅट३२ असतात, आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही. तुम्ही म्हणाल, गाणं कुठे ४ जीबीचं असतं? गाणं नसतं, पण आमच्याकडे भजन रात्रभर चालतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये स्टीरिओ वॅव्ह रेकॉर्डिंग केलं तर मिनिटाला साधारण १७ एमबी होतात, चार तास उलटले की ४ जीबी पार. विंडोजपुरतं काम असेल तर एनटीएफएस, मॅकवरही लावायची असेल तर एक्सफॅट. मात्र फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा रिकामी डिस्कच घ्या.

सीडी असतील तर त्याही आत्ताच उतरवा. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते हे मला खोकं उघडल्यावर कळलं. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राईव्ह फार महाग नाही. आपल्या दमट हवेत सीडीवर बुरशी येते, साबणाच्या कोमट पाण्याने धुवून मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायची. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सीडी कायमची अडखळते. माझ्या एकसष्ट सीड्यांपैकी चार गेल्या. जाऊ द्या.

नाव म्हणजे फाईलची जन्मपत्रिका

आता खरं काम, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

प्लेयर येतात आणि जातात. विनॲम गेलं, मग आयट्यून्स आलं, मॅकवर २०१९ मध्ये त्याचंही नाव बदलून नुसतं म्युझिक झालं. तुम्ही ज्या प्लेयरमध्ये चांदण्या देता, आवडती गाणी वेगळी काढता, ते सगळं त्या प्लेयरच्या वहीत राहतं, गाण्याच्या फाईलमध्ये नाही. फाईल दुसरीकडे गेली की वही मागेच राहिली. तेव्हा जे जपायचं आहे ते फाईलच्या नावात आणि तिच्या आत लिहिलेल्या माहितीत, म्हणजे टॅगमध्ये, असू द्या. ती फाईल उद्या कोणी पेनड्राईव्हवर घालून पेडण्याला नेली तरी ती कोण आहे हे तिचं तिला सांगता आलं पाहिजे.

फोल्डर मी गायकाप्रमाणे लावत नाही, वापराप्रमाणे लावतो. सर्वात वर सात: नाटक, भक्ती, नाट्यगीत आणि शास्त्रीय, लोकसंगीत, कोंकणी, लग्न, आणि 'माझं रेकॉर्डिंग'. प्रत्येकापुढे ०१ ते ०७ आकडे, म्हणजे कुठल्याही मशीनवर क्रम तोच राहतो. तुम्ही ऐकण्यासाठी साठवत असाल तर गायक, त्याखाली अल्बम, ही मांडणी ठीक. पण तीन मजल्यांपेक्षा खोल जाऊ नका. माझ्याकडे एक फोल्डर होता, त्यात फोल्डर, त्यात 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर २', आणि तळाशी केसरबाई केरकर. केरीची ही बाई, १९७७ साली तिची भैरवी व्हॉयेजर यानाच्या सोन्याच्या तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर निघाली. अमेरिकेतल्या लोकांनी तिला नीट नाव-गाव लावून पाठवलं, आणि तिच्या गावापासून तासाभरावर राहणारा मी तिला 'न्यू फोल्डर २' मध्ये ठेवून बसलो होतो.

खोल फोल्डरांचा दुसराही त्रास आहे. ड्राईव्हपासून फाईलच्या शेवटच्या अक्षरापर्यंतचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की विंडोजमधले बरेच प्रोग्रॅम अडतात. कॉपी होताना मधेच 'नाव फार लांब' असं म्हणून एकेक फाईल गाळली जाते, आणि आपण चहाला गेलेलो असतो.

नाटकाच्या फोल्डरात भावाप्रमाणे उपफोल्डर: करुण, भय, मंगल, शृंगार, युद्ध, आणि वेगळा 'आवाज', त्यात पाऊस, गडगडाट, रातकिडे, देवळाची घंटा, दारावरची थाप. फाईलचं नाव असं: भाव, वाद्य, चाल, लांबी. 'करुण, बासरी, संथ, १मि४०'. लांबी नावात का? कारण प्रवेश दोन मिनिटांचा आणि बासरी सव्वा मिनिटाची असली तर मधे शांतता पडते आणि नटाला वाटतं आपला संवाद चुकला.

फाईलची नावं मी इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहितो, टॅग देवनागरीत. कारण साधं आहे. पेनड्राईव्ह थेट लावता येतो असे जे मिक्सर आणि गाडीतले स्टीरिओ आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना देवनागरी दिसत नाही, नुसते चौकोन उमटतात. आणि चौकोनांत बासरी कुठली, फुगडी कुठली, ते पुन्हा देव जाणे. नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन ठिपके, तिरकी रेघ, फुली-चांदणी घालू नका. विंडोज त्यातली बरीचशी घेतच नाही, आणि मॅकवर चाललेलं नाव विंडोजवर येताना अडतं.

एकाच माणसाचं नाव एकाच तऱ्हेने लिहा. कोंकणी गायिका लोर्नाची माझ्याकडे इंग्रजीत चार स्पेलिंगं होती, त्यातल्या दोनांत आडनाव होतं, दोनांत नव्हतं. प्लेयरला त्या चार वेगळ्या बायका वाटतात. मी शंभर पानी वही घेतली आणि डावीकडे देवनागरी नाव, उजवीकडे ठरवलेलं स्पेलिंग, असं लिहीत गेलो. कॉम्प्युटरच्या कामाला वही घेतली म्हणून भाचा हसला. दोन दिवसांनी तोच विचारत होता, "मामा, अभिषेकीबुवांचं आपण 'एच' नंतर 'ई' लिहितो की 'आय'?"

आणि प्रत्येक नाटकाचा वेगळा फोल्डर करतो, त्यात मूळ फाईल हलवत नाही, तिची प्रत टाकतो. प्रतीच्या नावापुढे क्यूचा, म्हणजे आवाज कुठे सुरू करायचा त्या खुणेचा, आकडा: ०१०, ०२०, ०३०. दहा-दहाच्या अंतराने. हे मी ठेच लागून शिकलो. रंगीत तालमीच्या रात्री दिग्दर्शक येऊन म्हणतो, "इथे जरा एक टाळ वाजवूया." एक, दोन, तीन असे आकडे असले तर पुढच्या चाळीस फाईलींची नावं बदलत बसायची. दहाच्या अंतराने असले तर ती ०२५ होते आणि आपण सुटतो. आकड्याआधीचं शून्य विसरू नका, नाहीतर काही प्लेयरांत १० नंतर थेट १०० येतो. संहितेच्या समासात पेन्सिलीने हेच आकडे लिहिलेले असतात. मग अंधारात नावं वाचायची गरजच राहत नाही, आकडा पुरे.

टॅग, आणि आपल्या लिपीची रडकथा

टॅग म्हणजे फाईलच्या आत लिहिलेली माहिती: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल, शेरा. त्यासाठी मी एमपी३टॅग वापरतो. विंडोजवर तो फुकट आहे. पन्नास फाईली एकदम निवडून गायकाचं नाव एकदाच लिहिलं की पन्नासांत जातं. फाईलच्या नावावरून टॅग भरणे आणि टॅगवरून फाईलला नाव देणे, दोन्ही जमतं. एक संध्याकाळ त्याच्याशी खेळा, पुढची दहा वाचतील. खेळताना प्रतीवर खेळा.

जुने टॅग उघडल्यावर कचरा दिसेल. दोन प्रकारचा. एक म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं. आयडी३ टॅगची पहिली आवृत्ती फार जुनी, तिच्यात एका रकान्यात तीसच अक्षरं मावतात आणि देवनागरीला जागाच नाही. कोणीतरी त्यात मराठी लिहायला गेलं की प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती परत येत नाहीत. हाताने पुन्हा लिहा. सेटिंगमध्ये जाऊन आयडी३ २.३, यूटीएफ-१६ निवडून ठेवा. हा पर्याय जुन्यातजुन्या प्लेयरांनाही बहुधा कळतो.

दुसरा प्रकार म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, मधेच एखादा डॉलर. हे युनिकोडच्या आधीचं मराठी. त्या काळी आम्ही मराठी फॉन्ट टाकून टाईप करायचो, फॉन्ट काढला की खाली खिचडी. ही मात्र वाचवता येते. ज्या फॉन्टमध्ये टाईप केलं तो आठवला तर त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं मिळतात. माझ्या तीनशे फाईलींना भाच्याने ती लावली. काही नावं तरी कायमची गेली. 'विठ्ठल' च्या जागी नुसताच 'वठल' उरला होता, तो आम्ही ओळखला.

गायक आणि अल्बम गायक असे दोन वेगळे रकाने असतात, त्यांत गोंधळ करू नका. वेगवेगळ्या गायकांच्या भक्तिगीतांची एक सीडी असेल तर गायकाच्या रकान्यात ज्याचं त्याचं नाव, पण अल्बम गायकात सगळ्यांना एकच, 'विविध गायक'. हे नाही केलं की एक सीडी फुटून बारा अल्बम होतात.

गाणं ऐकून आपोआप टॅग भरणारे प्रोग्रॅम आहेत. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड त्यातला चांगला. हिंदी आणि इंग्रजी गाण्यांना मी तो बिनधास्त लावला. आपल्या जत्रेतल्या रेकॉर्डिंगला लावू नका. ती त्याच्या यादीत नसतात. जे ओळखू येत नाही ते त्याने बाजूला ठेवावं, पण आपण घाईत 'सगळं सेव्ह' दाबतो, आणि शिगम्यातल्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणातल्या, रोमटामेळाच्या मिरवणुकीला भलत्याच परदेशी बँडचं नाव चिकटतं. एका शिगम्याच्या रेकॉर्डिंगला चिकटलं होतं, मी नंतर खरवडलं.

वॅव्ह फाईलींच्या टॅगचा भरवसा नसतो. एक प्लेयर वाचतो, दुसरा वाचत नाही. म्हणून माझं सगळं वॅव्ह रेकॉर्डिंग मी फ्लॅकमध्ये बदललं. आवाजाचा एक कणही कमी होत नाही, जागा निम्म्याच्या आसपास लागते आणि टॅग नीट बसतो. एमपी३ मात्र फ्लॅक करू नका. आणि १२८ केबीपीएसची एमपी३ पुन्हा ३२० करून चांगली होते असं जो कोणी सांगेल त्याला नमस्कार करा. पातळ ताकात पाणी घालून ते दाट होत नाही.

दुबार फाईली शोधायला ड्यूपगुरू आहे, त्यात खास गाण्यांसाठी वेगळी पद्धत आहे. यादी त्याने करावी, पुसायचं आपण ठरवावं. एकाच भजनाच्या दोन फाईली सारख्या दिसल्या म्हणून मी एक उडवणार होतो. ऐकली, तर एक देवळातली होती, दुसरी घरातली, आणि दुसरीत मागे माझी आई टाळ वाजवताना बोलत होती.

हलवण्याचा दिवस

कधीही 'कट' करून 'पेस्ट' करू नका, 'कॉपी'च करा. कटमध्ये मधेच वीज गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आणि आमच्याकडे जूनमध्ये वीज जाते असं म्हणण्यापेक्षा अधूनमधून येते असं म्हटलं तर चालेल. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण स्वतःचा ॲडॅप्टर असलेली मोठी हार्ड डिस्क वीज गेली की तत्क्षणी पडते. लहान, यूएसबीवरच चालणारी डिस्क घ्या किंवा इन्व्हर्टरवर लावा. लॅपटॉपचं आपोआप झोपणं सेटिंगमधून बंद करा.

विंडोजच्या नेहमीच्या कॉपीऐवजी मी टेराकॉपी वापरली. कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत ताडून बघायची सोय तिच्यात आहे, ती चालू ठेवा. एकूण वेळ जवळपास दुप्पट होतो, होऊ द्या. यूएसबी ३ च्या खाचेत लावलं तर माझ्याएवढा साठा तासाभराच्या आत उतरतो. जुन्या यूएसबी २ मध्ये तोच दीड-दोन तास खातो, ताडून बघणं वेगळंच. बऱ्याच लॅपटॉपना ३ ची खाच आतून निळी असते.

नव्या लॅपटॉपवर साठा कुठे ठेवायचा याचा विचार आधी करा. विंडोज ११ सुरू करताना ते तुमचे फोल्डर वनड्राईव्हमध्ये न्यायचं विचारतं आणि आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटतो. मग साठा मोठा झाला की काही फाईलींपुढे ढगाचं छोटं चिन्ह दिसायला लागतं. ढग म्हणजे फाईल इथे नाही, इंटरनेटवर आहे. घरी वाजेल, देवळामागे वाजणार नाही. म्हणून गाणी 'म्युझिक'च्या तयार फोल्डरात न ठेवता स्वतंत्र ठेवा.

मी एसएसडीचे, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या डिस्कचे, दोन भाग केले आणि गाण्यांच्या भागाला ड्राईव्हचं अक्षर 'एम' दिलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते देता येतं. बाहेरच्या बॅकअप डिस्कला दुसरं अक्षर, पण लॅपटॉप बिघडला तर तीच डिस्क दुसऱ्या कोणाच्याही लॅपटॉपवर 'एम' म्हणून लावायची. याचं कारण प्लेलिस्ट. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, पत्ते असतात: 'डी'मधल्या अमुक फोल्डरातली तमुक फाईल. 'डी'चा 'ई' झाला की यादी दिसते, पण एकही गाणं वाजत नाही. सगळीकडे अक्षर एकच ठेवलं तर पत्ता मोडत नाही.

आधीच मोडला असेल तर घाबरू नका. एम३यू किंवा एम३यू८ प्लेलिस्ट म्हणजे साधी मजकुराची फाईल. नोटपॅडमध्ये उघडा, जुना पत्ता शोधा, त्याजागी नवा, 'रिप्लेस ऑल'. देवनागरी नावं असतील तर एम३यू८च ठेवा आणि यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. आणखी चांगली तऱ्हा म्हणजे प्लेलिस्ट गाण्यांच्याच फोल्डरात ठेवून आतमध्ये नुसती फाईलची नावं लिहायची, ड्राईव्हचं अक्षरच नाही. नाटकांच्या फोल्डरांत मी तसंच करतो. अख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर टाकला तरी यादी चालते.

आयट्यून्सवाल्यांनी अख्खा आयट्यून्स फोल्डर, त्यातल्या लायब्ररीच्या फाईलीसकट न्यावा. नव्या कॉम्प्युटरवर शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडायचं, मॅकवर ऑप्शन, म्हणजे 'कुठली लायब्ररी' असं ते विचारतं. तिथे आणलेली दाखवा. चांदण्या, किती वेळा ऐकलं ते आकडे, सगळं परत येतं. जुना कॉम्प्युटर विकणार असाल तर त्याआधी त्याच्यावरून खातं 'डीऑथोराईज' करा. पाचच कॉम्प्युटर चालतात, आणि विकलेला त्यातला एक धरला जातो.

ताडणी

खोक्यातली चिठ्ठी काढली. फाईलींचा आकडा जुळला नाही. मी जवळजवळ नऊशे दुबार काढल्या होत्या, ते बरोबर, पण त्याहून अकरा कमी. दोन रात्री शोधलं. त्या अकरा 'न्यू फोल्डर २' च्याही खालच्या होत्या, लांब नावाच्या. कपाटातल्या घाणेरड्या प्रतीत त्या सुखरूप सापडल्या. पहिल्या दिवशी ती प्रत काढली नसती तर त्या गेल्या हे कळलंही नसतं.

आकडा जुळला म्हणजे गाणं वाजतं असं नाही. प्रत्येक मोठ्या फोल्डरातली पहिली, मधली आणि शेवटची फाईल लावून ऐका. लांब रेकॉर्डिंगची शेवटची दोन मिनिटं खास ऐका, तुटकी फाईल तिथेच उघडी पडते. मी नवा लॅपटॉप मिक्सरला जोडून, खोलीत दिवा बंद करून, भाच्याला संहिता वाचायला लावली. तो क्यू वाचणार, मी वाजवणार. पन्नास क्यूंत दोन चुकले. दोन्ही वेळा बोट चुकलं होतं, नाव नाही.

जुना लॅपटॉप अजून पुसलेला नाही. एक अख्खा हंगाम जाईपर्यंत पुसणारही नाही. साठ्याच्या आता तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपवर, एक माझ्या कपाटातल्या डिस्कवर, आणि एक म्हापशाला बहिणीकडे, घट्ट झाकणाच्या डब्यात, चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. दर तीन महिन्यांनी ती आणून नवं रेकॉर्डिंग भरायचं आणि परत नेऊन ठेवायची. डबा दिला तेव्हा तिला बजावलं होतं, उघडू नको. चवथीला गेलो तर डबा फ्रिजवर, आणि डिस्क बाहेर काढून त्यात चकल्या.

"दादा, झाकण घट्ट बसणारा तेवढा एकच डबा होता," ती म्हणाली.

डिस्क तिने तांदळाच्या पिंपात ठेवली होती. घरी आणून, ब्रशने पुसून लावली, आकडा जुळला. पुढच्या खेपेला दोन डबे नेईन.